राम गणेश गडकरी : उद्यानातील पुतळा आणि अक्षर स्मारक

पुण्याच्या संभाजी उद्यानात नाटककार राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा १९६२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या हस्ते बसविण्यात आला होता. शिरूर-दौंडकडून पुण्यास येणाऱ्या अनेक कुटुंबांनी मुलाबाळांसह तो पाहिला असेल. ज्यांचे हे स्मारक होते, त्यांचे जीवन अवघ्या तेहतीस वर्षांचे होते.

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. पुढे ते पुण्यात आले, मॅट्रिक झाले. परंतु फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवटच राहिले. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकविता शिकविता ते नाट्यलेखनाकडे वळले. ‘गोविंदाग्रज’ या नावाने त्यांनी कविता, तर ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिले. ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ व ‘भावबंधन’ ही त्यांची पूर्ण नाटके होत. क्षयाने ग्रासलेले असताना २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातील सावनेर येथे त्यांचे निधन झाले. ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आले. लेखकास त्याचा प्रयोग पाहता आला नाही.

‘राजसंन्यास’ हे नाटक अपूर्णच राहिले. त्यातील छत्रपती संभाजी महाराजांच्या चित्रणास आक्षेप घेऊन जानेवारी २०१७ मध्ये काही कार्यकर्त्यांनी हा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला. महाराजांविषयीचा आदर रास्तच आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले व त्यांची मलिन झालेली प्रतिमा उजळली. लेखनातील चुकीस असे लेखनानेच उत्तर देता येते, हे त्यांनी आधीच दाखवून दिले होते.

वाचकहो, ‘एकच प्याला’मधील सुधाकर हा हुशार वकील अपमानाचे दुःख विसरण्यासाठी पहिला पेला घेतो आणि अखेरीस मूल व पत्नी दोघांनाही गमावतो. दुसऱ्यांची दळणे दळून संसार रेटणारी सिंधू आजही आपल्या वस्त्यांत भेटते. म्हणून २३ जानेवारीच्या स्मृतिदिनी आपल्या धर्मग्रामात या नाटकाचे एकत्र वाचन व्हावे, व्यसनाने पोळलेल्या घरांनाही त्यास आवर्जून बोलवावे. गडकरींचे असे स्मारक उभारण्यास चौथरा लागत नाही.