डॉ. डाऊन यांचे अपुरे राहिलेले काम

डाऊन सिंड्रोम हे नाव आज बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु ज्यांच्यावरून ते पडले, त्या डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांचे खरे कार्य विस्मृतीतच गेले आहे.

१८२८ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात त्यांचा जन्म झाला. १८५८ मध्ये ते अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या आश्रमाचे वैद्यकीय अधीक्षक झाले. तेथील मारझोड त्यांनी बंद केली, स्वच्छतेवर भर दिला आणि रहिवाशांना हस्तव्यवसाय शिकविले. १८६६ मध्ये त्यांनी या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा मंगोल वंशाशी त्यांनी जोडलेला संबंध सर्वस्वी चुकीचा होता. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत हे तिचे कारण १९५९ मध्ये उजेडात आले. १८६८ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह त्यांनी लंडनजवळ नॉर्मन्सफील्ड ही निवासी संस्था काढली. १८७९ मध्ये तेथे नाट्यगृहही उभारले. १८९६ मध्ये ते निवर्तले. १९०५ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या एका नातवाला हीच अवस्था होती. तो १९७० पर्यंत जगला.

६५ वर्षांचे हे आयुष्य विचार करावयास लावणारे आहे. १९८३ मध्येदेखील अमेरिकेत अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या घरात आहे. वैद्यकाने आयुष्य वाढविले. ते सुखाचे कसे व्हावे, हा प्रश्न समाजाचा आहे. नॉर्मन्सफील्डची सोय मुख्यत्वे सधन कुटुंबांना परवडणारी होती. आपल्याकडे मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने स्वतःच्या कन्येसाठी सुरू केलेल्या शाळेतून जय वकील ही मोठी संस्था उभी राहिली. परंतु वेळापूरच्या शेतमजुराने मुंबई गाठावी कशी? शाळेचे वय सरले की असा तरुण घरी बसतो आणि त्याच्यापायी आईचीही मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये सज्ञान बौद्धिक दिव्यांगासाठी जिल्ह्यातील समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा राखल्या आहेत. हक्क कागदावर आले. तालुक्याच्या ठिकाणी कार्यशाळा, कामाचा रास्त मोबदला आणि आईबापांच्या पश्चात निवारा यांची सोय व्हावयाची आहे. डाऊन यांनी दीडशे वर्षांपूर्वी श्रीमंतांच्या मुलांसाठी जे केले, ते गरिबांच्या मुलांसाठी करणे पंचायत समिती व साखर कारखाने यांनी मनावर घेतल्यास अशक्य नाही.