अण्णाभाऊ साठे : श्रमातून फुललेली प्रतिभा

अवघी दीड दिवसाची शाळा आणि तिसाहून अधिक कादंबऱ्या, हा अण्णाभाऊंच्या जीवनातील विरोधाभास जयंतीच्या व्याख्यानांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ऐकताना ऊर भरून येतो. परंतु प्रतिभा असली की शाळा नसली तरी चालते, असा सोयीचा अर्थ त्यातून कोणी काढला, तर तो त्यांच्यावर अन्याय ठरेल. म्हणून ही प्रतिभा कशी घडली, कशी टिकली आणि तिची किंमत काय पडली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आठवू इच्छितो.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, एका मातंग कुटुंबात झाला. जातीच्या अवहेलनेने शाळेचे दार लवकरच बंद झाले. पोट भरण्यासाठी हे कुटुंब पायी चालत मुंबईस आले. तेथे मिळेल ते काम करीत अण्णाभाऊंनी दुकानांच्या पाट्या व सिनेमाची भित्तिपत्रके पाहून अक्षरे जुळविली. पुढे गिरणीत काम, मोर्चे, सभा आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पातील वास्तव्य यांतून त्यांचे खरे शिक्षण झाले. त्यांच्या आरंभीच्या रचनांचा विषय तरी कोणता? लेबर कॅम्पात उच्छाद मांडणारे डास! निर्मितीसाठी दूरचा विषय शोधावा लागत नाही. जे रोज टोचते, त्याकडे नीट पाहावे लागते, हे त्यांना तेव्हाच उमगले असावे.

१९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. वाटेगावच्या परिसरात कानांवर पडलेला तमाशाचा बाज त्यांनी टाकून दिला नाही. त्यात नवा आशय भरला. गणातील देवस्तुतीच्या जागी मातृभूमीला व श्रमिकांना वंदन आले, गौळण गळाली. तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा तोच खेळ लोकनाट्य म्हणून लोकांपुढे उभा राहिला. वाट अडली की दुसरी वाट काढायची, हा त्यांचा स्वभावच होता. पोवाडा, छक्कड, लोकनाट्य, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन असे प्रकार त्यांनी हाताळले. मात्र माणूस तोच राहिला, कष्टाने जगणारा आणि मान न झुकविणारा.

‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा पोटासाठी प्रेते उकरतो. अशा माणसाकडेही अण्णाभाऊ तिरस्काराने पाहत नाहीत. त्याला त्या वाटेवर कोणी लोटले, हे ते वाचकाला दाखवितात. १९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी श्रमिक आणि दलित हेच पृथ्वीचा भार वाहतात, असा विचार मांडला. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

हा गौरव एकीकडे, आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी दुसरीकडे. त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, गाणी गावोगावी पोचली. लेखकाच्या घरातील दैन्य मात्र सरले नाही. अखेरची वर्षे आर्थिक ओढग्रस्तीत आणि एकाकीपणात गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या गाण्यांवर टाळ्या वाजविणाऱ्या समाजाला त्यांच्या चुलीची काळजी घेता आली नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

प्रतिभा अभावातही उगवते, हे अण्णाभाऊंनी सिद्ध केले. परंतु तिला जगविण्यासाठी अन्न, निवारा, पुस्तके आणि आपुलकीची माणसे लागतात. आमच्या वसतिगृहातील प्रत्येक ताट, प्रत्येक दिवा आणि ग्रंथालयाचे उघडे दार याचसाठी आहे. एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर गाणे लिहिताना आढळले, तर पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी त्याला रागावू नये, एवढीच आमची विनंती आहे. त्याला आणखी एक वही आणून द्यावी.