गाडगे आणि खराटा

सज्जनहो, मागल्या दिवाळीच्या आधी आम्ही घरातली जुनी पेटी उघडली. आत काय? शाली! गेली ४० वर्षे कीर्तनाच्या शेवटी यजमानांनी प्रेमाने खांद्यावर घातलेल्या शाली एकीवर एक रचून ठेवलेल्या. मोजल्या तेव्हा ६३ भरल्या. निम्म्यांना कसर लागलेली. त्यागावर दोन दोन तास निरूपण करायचे आणि घरी ही गत! एवढ्या शाली पांघरणार कोण, असे घरातून विचारणे झाले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचेना. त्या रात्री श्रीगाडगेबाबांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, आडनाव जानोरकर. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. मातोश्री सखूबाई लेकराला घेऊन दापुरे गावी माहेरी आल्या. तेथे मामांची गुरे राखीत, नांगर धरीत डेबू वाढला. पण मामांची शेती सावकाराच्या कचाट्यात सापडली, आणि न वाचता अंगठा उठवला की घराचे काय होते, हे पोराने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पुढे मुलीच्या बारशाचा प्रसंग आला. भाऊबंदांना दारू पाजावी, बकरे कापावे, जवळ नसेल तर कर्ज काढावे, अशी रूढी. डेबूजींनी पंगतीला गोडाचे साधे जेवण वाढले. जातभाई रागावले, पण गडी हलला नाही. मंडळी, घरातली अडगळ नुसती वस्तूंची नसते. चार लोक काय म्हणतील, या भयाने आत घेतलेला खर्च हीच पहिली अडगळ. बाबांनी घर झाडायला सुरुवात केली ती तिथून.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि एक मातीचे गाडगे. भाकरी त्यातच, पाणी त्यातच, आणि ऊन तापले की तेच डोक्यावर! त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव पाडले. संस्कृतात परिग्रह म्हणतात. परि म्हणजे सर्व बाजूंनी आणि ग्रह म्हणजे धरणे. आपण वस्तू धरतो असे आपल्याला वाटते, पण चोहोबाजूंनी धरले जातो ते आपण! बाबांनी दोनच वस्तू धरल्या, आणि त्या रोज कामाच्या होत्या.

गावात शिरले की आधी खराटा चालायचा. रस्ता, गटार, देवळापुढचे अंगण स्वच्छ व्हायचे. फुकटची भाकरी ते खात नसत. काम करून मग घास घेत. रात्री कीर्तन. श्रोत्यांनाच प्रश्न विचारून ते त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. कर्ज काढून सण करू नये, देवापुढे मुके जनावर मारू नये, ताट नसेल तर हातावर भाकरी घ्यावी, पण पोराला शाळेत घालावे, हा त्यांच्या सांगण्याचा सारांश. नीट पाहा, खर्च उणा करायचा तो कशासाठी, हे त्यांनी त्याच दमात सांगितले.

लोक पैसा देत. त्यातला छदामही गाडग्यात राहिला नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन झाली. १९५२ साली सर्व कार्यासाठी श्रीगाडगे महाराज मिशन स्थापन झाले, आणि नातेवाइकांचा त्यावर काही हक्क राहू नये, ही दक्षता बाबांनी घेतली.

आता एक गोष्ट कीर्तनात सहसा राहून जाते, ती सांगतो. धर्मशाळा दुसऱ्यांसाठी उठल्या, पण कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले. बाबा निघून गेले तेव्हा मागे लेकरे होती, आणि तो भार त्या माउलीने वाहिला. हे विसरून साधेपणाचे गोडवे गाऊ नयेत. आमच्याकडे काटकसर ठरवतो घरधनी आणि सोसते घरधनीण. तिचे लुगडे, तिचे डबे आधी कमी होतात. आपल्या शाली तशाच! बाबांनी आधी स्वतःचे अंग मोकळे केले होते. आपणही आपल्याच पेटीपासून आरंभ करावा. संसार टाका, असे त्यांनी गृहस्थांना सांगितले नाही; संसार नीटनेटका करा, असेच सांगितले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. लाखोंच्या इमारती उभ्या करणाऱ्याने स्वतःसाठी मागे ठेवले काय, तर काही नाही.

असो. आमच्या शालींचे काय झाले? चांगल्या होत्या तेवढ्या धुऊन, थंडीच्या आत, रुग्णालयाच्या ओट्यावर रात्र काढणाऱ्या नातलगांना वाटल्या. कसरीने खाल्लेल्या कोणाला देणार? त्या पाहून लाज वाटली. वेळेवर दिल्या असत्या तर तीसेक माणसांची थंडी भागली असती. वाचकहो, ज्याची गरज दुसऱ्याला आहे ते आपल्या पेटीत कुजवणे, हे आमच्या मते चोरीहून फार लांब नाही. पेटी रिकामी झाली. घरात आता तिच्यात धान्य भरले आहे. यापुढे शाल खांद्यावर आली, की घरी पोचण्याआधी ती दुसऱ्या खांद्यावर जावी, एवढाच नेम आम्ही धरला आहे.