वीर वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर

पूर्वज युद्धात कोणते विमान चालवीत होता, हे शोधताना आधी त्याची तुकडी पाहावी, मग तारीख. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धातील मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. त्यांची २३ क्रमांकाची तुकडी पूर्वी स्पॅड विमाने वापरीत असे. १९१८ च्या पूर्वार्धात तिला सॉपविथ डॉल्फिन मिळाली. या एकआसनी विमानात वरचा पंख खालच्याहून किंचित मागे असे आणि वैमानिकाचे मस्तक त्या पंखाच्या चौकटीतून वर निघे. मस्तकावर कसलेच छत्र नसे. २७ जून १९१८ रोजी डॉल्फिन घेऊन निघालेले वेलिणकर परतले नाहीत. ३० जूनला त्यांचे निधन झाले. फ्रान्समधील हंगार्ड येथे ते चिरविश्रांती घेत आहेत. ग्वारीघाटी नर्मदेत पितरांना तिलांजली देताना एक ओंजळ या दूरदेशी राहिलेल्या मुंबईकरासाठीही सोडावी, अशी आम्हां सर्वांची भावना आहे.