काळदाढ्या टीचचा दारूगोळा

चाच्यांच्या गोष्टी वाचताना बालवाचकांचे मन तलवारींत आणि पुरलेल्या धनात रमते. समुद्रावरील दमट हवेत बंदुकीची दारू कोरडी कशी राहत असे, हे सहसा कोणी विचारीत नाही. एडवर्ड टीच ऊर्फ काळदाढ्या याचे चरित्र वाचताना आम्हांस मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा वाटला.

टीच मूळचा ब्रिस्टलचा, असे मानतात. १७१३ साली युरोपातील मोठे युद्ध संपले, अनेक खलाशी बेकार झाले, आणि पुढे टीच हॉर्निगोल्ड नामक चाच्याच्या टोळीत दिसू लागला. नोव्हेंबर १७१७ मध्ये त्याने कॅरिबियन समुद्रात गुलाम वाहून नेणारे एक फ्रेंच जहाज पकडले व त्यास ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ असे नाव दिले. त्यावर ४० तोफा होत्या, असे म्हणतात.

चाच्याला सरकारी दारूखाना कोठला? पकडलेल्या जहाजांवरील तोफा, गोळे व दारूची पिंपे हीच त्याची रसद. दारूसाठी लागणारा सोरा त्या काळी इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर आपल्या बिहारमधून जात असे, हेही येथे ध्यानात ठेवावे. दारूची लाकडी पिंपे जहाजाच्या पोटातील कोठीत ठेवीत. तेथे उघडी ज्योत नेणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण! लढाईच्या वेळी मोजून भरलेल्या कापडी वा कागदी पिशव्या झाकणाच्या डब्यांतून तोफेपर्यंत आणीत. पिस्तूल एका वेळी एकच बार काढी. म्हणून टीच छातीवरील पट्ट्यात तीन जोड्या बाळगी. टोपीखाली तो जळते तोडे खोवी, असे १७२४ साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात आहे.

मे १७१८ मध्ये त्याने चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली आणि खंडणी मागितली ती औषधांच्या पेटीची! जूनमध्ये त्याचे मोठे जहाज उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगत वाळूत रुतले. ते १९९६ साली सापडले. त्यातून निरनिराळ्या देशांत ओतलेल्या तोफा निघाल्या, काही भरलेल्या स्थितीत. शिशाचे छर्रे तर अगणित. एका तोफेच्या दारूच्या खणात छापील कागदाचे कपटे मिळाले. ते १७१२ सालच्या एका प्रवासवर्णनाचे निघाले. पुस्तकाचा असा उपयोग आमच्या विद्यार्थ्यांनी करू नये!

जहाज गेल्यावर टीचने राजाची माफी घेतली, पण धंदा सोडला नाही. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी ऑक्राकोक बेटाजवळ लेफ्टनंट मेनार्डने त्याला गाठले. टीचने तोफांत छर्रे भरून मारा केला. मेनार्डची बरीच माणसे पडली. उरलेल्यांना त्याने खाली दडविले. चाच्यांनी दारू, छर्रे व लोखंडाचे तुकडे भरलेल्या बाटल्या वात पेटवून फेकल्या आणि धुरात रिकामा तक्ता पाहून ते उडी घालून आले. दडलेले खलाशी वर धावले. गोळ्यांच्या पाच व तलवारीच्या सुमारे वीस जखमा होऊन टीच पडला.

इकडे त्याच्या गलबताच्या दारूकोठीत सीझर नावाचा आफ्रिकी वंशाचा सोबती पेटती वात घेऊन उभा होता. हार झाल्यास गलबत उडवून द्यावे, अशी त्याला टीचची आज्ञा होती. त्याच गलबताच्या पोटात दोन कैदी होते. त्यांनी त्याची कशीबशी समजूत घातली, आणि वात दारूला लागली नाही.