प्राध्यापक बाबासाहेब, आमदार बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला महाड, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवते. पण त्याआधी ते प्राध्यापक होते आणि १९२७ पासून मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात कित्येक वर्षे बसले होते, हे आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही. विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही त्याच कार्याची थोडक्यात उजळणी करीत आहोत.

१९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना मोजलं नाही. पुढे मात्र त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही येऊ लागली. एवढी विद्वत्ता असूनही प्राध्यापकांच्या माठातले पाणी ते पितात म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच! मार्च १९२० मध्ये ही नोकरी सोडून ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले.

१८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी कायदेमंडळाचे नियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली. तिथेही त्यांच्यातला शिक्षक गप्प बसला नाही. १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारपुढे हिशेबच मांडला. माणशी शिक्षणावर खर्च १४ आणे, आणि दारूच्या करातून वसुली माणशी दोन रुपयांहून जास्त. शाळेत घातलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतन म्हणजे तुटपुंजी जमीन आणि बलुतं यांच्या मोबदल्यात घरादाराने गावाची रात्रंदिवस चाकरी. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं. गिरणी-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाला मात्र त्यांनी १९२८ मध्ये जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला.

१९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतून निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोताची वेठ काय असते, हे कोकणातून ठाण्या-मुंबईला पोटासाठी आलेल्या आपल्या वाडवडिलांना विचारायला नको होतं! जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तरी विधेयक पुढे सरकलं नाही. त्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकालाही त्यांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला बाहेर एक दिवसाचा संप घडवला. बहुमत सरकारचे असल्याने ते विधेयक मंजूर झालेच.

मग बाबासाहेब हरले का? आम्हाला तसं वाटत नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. महार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहायला मात्र बाबासाहेब नव्हते. सभागृहात संख्या कमी असली तरी अभ्यास कमी पडू द्यायचा नाही, हा धडा त्यांनी घालून दिला. म्हणून आमची एवढीच विनंती, की मत मागायला दारात येणाऱ्याला आपल्या वस्तीतली किती मुलं शाळेतून गळली, हा हिशेब आपण जरूर विचारावा. आणि आधी तो आपल्या घरात करावा.

जय भीम!