मिठाचं पाणी आणि तारवाला साहेब

हॉस्पिटलमध्ये कुणाला भेटायला गेलं की आपली नजर आधी पेशंटच्या चेहऱ्याकडे जाते आणि मग लगेच उशाशी टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे. (आता बाटली जाऊन प्लास्टिकची पिशवी आली, पण आपण म्हणतो बाटलीच.) सलाईन लावलंय म्हटलं की नातेवाइकांना अर्धा धीर येतो. गावाकडे तर नुसता अशक्तपणा वाटला तरी, 'डॉक्टर, एक सलाईन लावा की' असा आग्रह असतो! हे मिठाचं पाणी शिरेतून देऊन माणूस वाचवता येईल, हे प्रयोगशाळेत तपासून सांगणारा पहिला माणूस २२ वर्षांचा एक आयरिश पोरगा होता. विल्यम ब्रुक ओशॉनेसी त्याचं नाव. डलहौसीने भारतात रेल्वे, पोस्ट आणि तार आणली, हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. त्यातली तार प्रत्यक्षात ज्याने ओढली तो हाच.

ओशॉनेसीचा जन्म १८०९ साली आयर्लंडमधल्या लिमरिकचा. एडिंबरोला शिकून १८२९ मध्ये तो डॉक्टर झाला आणि नशीब काढायला लंडनला आला. पण लंडनमध्ये प्रॅक्टिस करायला एडिंबरोची पदवी पुरेशी नव्हती, वेगळं लायसन्स लागायचं आणि ते काही त्याला मिळेना. परदेशात येऊन आपली डिग्री पुन्हा पुन्हा 'अटेस्ट' करून घेणाऱ्या आपल्या मंडळींना त्याचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. पोटासाठी त्याने रसायनांचं काम धरलं. विष तपासणं, रक्त तपासणं वगैरे.

त्याच सुमाराला, १८३१ च्या अखेरीस, इंग्लंडच्या संडरलंड बंदरात कॉलरा उतरला. आपल्याकडे याला पटकी म्हणायचे, कुठे कुठे महामारी. पंढरीच्या वारीत पटकी शिरली की दिंड्यांमधली माणसं वाटेतच जायची, आणि गावोगावी मरीआईला साकडं घातलं जायचं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला. डोळे खोल, आवाज बसलेला, अंग निळं-काळं आणि थंड. विलायतेतले डॉक्टर यावर काय करत होते? शिरा कापून रक्त काढत होते! आधीच जे आटलंय त्यातलंच आणखी काढायचं. काढायला गेलं तर ते रक्त डांबरासारखं घट्ट, धड वाहायचंही नाही.

ओशॉनेसी संडरलंडला गेला, रोग्यांचं रक्त घेतलं आणि तपासलं. डिसेंबर १८३१ मध्ये त्याने आपले निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापले. रक्तातलं पाणी मोठ्या प्रमाणात गेलंय, त्यातले क्षार गेलेत, आणि हेच क्षार रोग्याच्या भाताच्या पेजेसारख्या जुलाबांत सापडतात. साधा जमाखर्च! जे गेलं ते परत द्या, तोंडावाटे राहत नसेल तर शिरेतून द्या, हे त्याचं म्हणणं. स्वतः मात्र त्याने हे माणसावर करून पाहिल्याची नोंद नाही.

ते केलं स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटा या डॉक्टरने, मे १८३२ मध्ये. पहिली पेशंट एक म्हातारी होती. सगळे उपाय थकले होते. लॅटाने तिच्या दंडाच्या शिरेत नळी घालून कोमट मिठाचं पाणी सोडलं, थोडं थोडं करत सुमारे साडेतीन लिटर. अर्ध्या तासात बाईची नाडी लागली, हात-पाय गरम झाले, चेहऱ्यावर रंग आला. लॅटाला वाटलं, जिंकलो. तिला तिथल्या सर्जनच्या हवाली करून तो विश्रांतीला गेला. मागे जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या. कोणी लॅटाला बोलावलं नाही, कोणी पुन्हा पाणी चढवलं नाही. साडेपाच तासांत बाई गेली.

मी बरीच वर्षं वॉर्डात नर्सची नोकरी केली, त्यामुळे असेल, पण हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. औषध बरोबर होतं. उशाशी बसून हिशेब ठेवणारं माणूस नव्हतं. आजही सलाईन लावणं हे पाच मिनिटांचं काम, खरं काम पुढे असतं. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा तक्ता दर तासाला भरायचा. लघवी मोजायची, उलटी मोजायची. जोरदार कॉलऱ्यात माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो, म्हणून त्या रोग्यासाठी मधोमध भोक असलेली कॅनव्हासची खाट असते आणि खाली मापाची बादली. नर्सने बादली बघायची आणि तेवढंच परत चढवायचं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसते का, जीभ ओली आहे का, नाडी कशी आहे, वजन किती घटलं (एका दिवसात किलोभर वजन घटलं तर ते साधारण लिटरभर पाणीच असतं), हे सगळं बघायचं. उलट म्हाताऱ्या माणसाला किंवा हृदयाच्या रोग्याला पाणी जास्त झालं तर ते फुप्फुसात साठून धाप लागते. पोटॅशियम कमी झालं की हातापायातलं बळ जातं आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. पण ते भरून काढताना एकदम टोचायचं नसतं, सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं, नाहीतर हृदय बंद पडतं. आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले तर घरचे म्हणतात वय झालं, पण रक्तातलं सोडियम उतरल्यामुळेही असं होऊ शकतं, ते तपासून घ्यावं. आणि इथल्या उन्हाळ्यात तर पाण्याबरोबर घामावाटे मीठही जातं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथला नियम २००५ पासून आहे, तो उगाच नाही.

असो. लॅटाचे पुढचे काही रोगी वाचले, बरेच गेले. उपचार फक्त मरणाच्या दारात पोहोचलेल्यांवरच व्हायचा, पाणी निर्जंतुक नसायचं, मीठ रक्ताच्या मानाने कमी पडायचं, आणि एकदा देऊन थांबायचे. १८३३ मध्ये लॅटाच क्षयाने गेला. साथ ओसरली आणि वैद्यकाने हा शोध जवळजवळ गुंडाळून ठेवला. डॉक्टर मंडळी पुन्हा रक्त काढायला मोकळी!

आणि ओशॉनेसी? १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरून कलकत्त्याला आला, म्हणजे कॉलऱ्याच्या माहेरीच. इथे तरी त्याने मिठाचं पाणी हाती घ्यावं की नाही? त्याने हाती घेतला गांजा. गंमत नव्हे, देशी औषधांचा त्याचा अभ्यास पक्का होता. आधी जनावरांवर आणि मग माणसांवर प्रयोग करून धनुर्वातासारख्या रोगांत गांजाचा उपयोग होतो का, ते त्याने तपासलं. कॉलऱ्यातही तोच देऊन पाहिला. पाश्चात्त्य वैद्यकात गांजा आला तो त्याच्या या लेखनातून. १८३५ साली निघालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. तरुणपणी स्वतःच मांडलेला सिद्धांत त्याने असा वाऱ्यावर का सोडला, याचं मला कोडं आहे. कदाचित एका गोष्टीवर फार काळ टिकणारा तो माणूसच नसावा.

कारण १८३९ मध्ये त्याच्या डोक्यात विजेची तार शिरली. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनजवळ बांबूंवरून वीस मैलांहून जास्त तार फिरवून त्याने संदेश धाडून दाखवले, हुगळी नदीच्या पाण्याखालूनसुद्धा. सरकारने तेव्हा लक्ष दिलं नाही. डलहौसी आल्यावर मात्र चक्र फिरलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन झाली. पहिल्या लाइनसाठी त्याने पातळ तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या, माकडं लोंबकळली आणि घारी बसल्या तरी तुटू नयेत म्हणून. मग कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास अशी जोडणी झाली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्वांसाठी खुली झाली. पुढच्या वर्षी त्याला 'सर' हा किताब मिळाला. ही तार आपल्या घराघरात कशी पोहोचली हे वेगळं सांगायला नको. 'तार आली' म्हटलं की न वाचताच आजी डोळ्याला पदर लावायची! २०१३ च्या जुलैमध्ये भारतातली तारसेवा बंद झाली.

त्याच्या खात्यात तयार झालेला एक अधिकारी, पॅट्रिक स्ट्यूअर्ट. १८६४ मध्ये आखाताच्या समुद्रात जी केबल टाकली गेली तिचा प्रमुख हाच. ती भारताच्या बाजूने ग्वादरहून मुसंदमला येऊन पुढे इराकमधल्या फावपर्यंत जायची. खसबची धाऊ ट्रिप तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. डॉल्फिन दाखवून झाल्यावर ज्या उघड्याबोडक्या 'टेलिग्राफ आयलंड'पाशी पोहायला थांबवतात, तिथे या केबलचं ठाणं होतं. काही वर्षांतच ते बंद केलं. त्या तापलेल्या कातळावर तारमास्तर कसे राहत असतील, देव जाणे.

ओशॉनेसी तोवर इंग्लंडला परतला होता. १८६१ मध्ये वारशासाठी त्याने ब्रुक हे आडनाव घेतलं. जानेवारी १८८९ मध्ये साउथसीला तो वारला, तेव्हा त्याची ओळख तारवाला साहेब हीच होती.

मिठाचं पाणी परत आलं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरने जास्त मिठाचं सलाईन, रोग्याच्या रक्ताची घनता मोजून मोजून द्यायला सुरुवात केली आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. रॉजर्स शिकवायचा कुठे, तर त्याच कलकत्ता मेडिकल कॉलेजात! पुढे १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत आले आणि कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या मापाच्या पुड्या बांधून घेतल्या. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या आत आलं. नर्सेस पुरेशा नव्हत्याच. रोग्यांच्या उशाशी बसून, पेल्यापेल्याने ते पाणी पाजलं त्यांच्या आयांनी, बहिणींनी, भावांनी.